रिकामी खुर्ची की बुटका प्रेक्षक?

गाडीच्या पुढच्या चाकाजवळचा एक्सलचा रबरी बूट फाटला की आतलं ग्रीस चाकाच्या रिंगवर उडतं. गॅरेजवाला ते बोटावर घेऊन दाखवतो: काळंकुट्ट, चमकदार, आणि हाताला एकदा लागलं की साबणाला दाद न देणारं. या काळेपणाचं कारण बहुतेक वेळा मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे असतं. दुकानात ‘मॉली ग्रीस’ म्हणून मागितलं तरी मिळतं. गुण एकच, निसरडेपणा. धातूवर धातू घासत असताना हा पदार्थ मधे बसतो, कशाशीही भांडत नाही, कशाशीही संयोग पावत नाही.

आता माहुलकडे या. मुंबईच्या दोन्ही रिफायनऱ्या तिथे आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ इंधन आलं आणि डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणावं लागलं. हे गंधक काढायचं काम जगभरच्या रिफायनऱ्यांत ज्या उत्प्रेरकावर चालतं, त्याचा गाभा आहे तेच मॉलिब्डेनम डायसल्फाइड, जोडीला थोडं कोबाल्ट किंवा निकेल. तीनशे-चारशे अंश तापमान, दाबाखालचा हायड्रोजन, आणि तेलाच्या रेणूतून गंधकाचा अणू अलगद सुटून हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर.

म्हणजे गॅरेजमध्ये ठार निष्क्रिय असलेला पदार्थ रिफायनरीत इतका कामसू कसा? हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांना बरीच वर्षं छळत होता. त्याचं उत्तर अणू मोजून मिळालं, आणि त्या उत्तराच्या पोटातून पुढे आणखी एक गंमतशीर गफलत निघाली. मला खरं तर ती गफलतच सांगायची आहे, पण त्याआधी पदार्थाची रचना आणि पाहण्याची रीत समजून घ्यावी लागेल.

रचना पुरणपोळीसारखी आहे. वर गंधकाच्या अणूंचा एक थर, खाली गंधकाचा एक थर, मधे मॉलिब्डेनमचं पुरण. असा तीन अणूंचा मिळून एक पापुद्रा, जाडी सुमारे ०.६५ नॅनोमीटर. अशा पोळ्या एकावर एक रचल्या की स्फटिक होतो. पोळीच्या आत अणूंची पकड घट्ट असते, पण दोन पोळ्यांमधलं आकर्षण अगदी क्षीण असतं, म्हणून त्या एकमेकींवरून घसरतात. ग्रीसचा निसरडेपणा तो हाच. एकच पोळी सुटी केली तर तिला ‘द्विमितीय पदार्थ’ म्हणतात. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचा एक अणू जाडीचा थर सोलला, ग्राफीन मिळवलं, आणि २०१० मध्ये नोबेल घेऊन गेले. तेव्हापासून या सोललेल्या पापुद्र्यांचं पेव फुटलं आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइड त्यातलं ग्राफीनच्या खालोखाल गाजलेलं नाव.

पोळीच्या वरच्या बाजूला असलेला प्रत्येक गंधक खालच्या तीन मॉलिब्डेनमशी बांधलेला असतो. त्याची सगळी देणीघेणी मिटलेली असतात, नवीन कोणाशी नातं जोडायची त्याला गरज नसते. पण पोळी फाडली तर? कडेला पुरण उघडं पडतं. तिथल्या मॉलिब्डेनमचे काही हात मोकळे असतात. म्हणून संशय पहिल्यापासून कडेवर होता. संशय सिद्ध करायचा तर कड पाहायला हवी, आणि कड एका अणूची.

साध्या सूक्ष्मदर्शकातून हे कधीच दिसणार नाही. भिंग कितीही चांगलं असलं तरी फरक पडत नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, आणि इथे दोन शेजारी गंधकांमधलं अंतर ०.३१६ नॅनोमीटर. रस्ता दाबायच्या रोलरखाली खसखस ठेवली तर तिचा आकार रोलरला कळेल का? तसंच.

१९८१ मध्ये झुरिकजवळच्या रुश्लिकोन गावी, आयबीएमच्या प्रयोगशाळेत, गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी प्रकाशाचा नादच सोडला. त्यांनी एक धातूची सुई पृष्ठभागाच्या इतकी जवळ नेली की मधे जेमतेम दोनतीन अणूंएवढी फट उरावी. सुई टेकवायची नाही. सुई आणि पृष्ठभाग यांच्यात थोडा विद्युतदाब द्यायचा. नेहमीच्या समजुतीप्रमाणे फटीतून प्रवाह वाहायला नको. पण इलेक्ट्रॉन हा काही छर्रा नाही. तो धातूच्या पृष्ठभागाबाहेरही थोडा ‘सांडलेला’ असतो, आणि फट पुरेशी अरुंद असली की पलीकडे पाझरतो. याला टनेलिंग म्हणतात. हा पाझर अंतराबाबत कमालीचा हळवा आहे: सुई ०.१ नॅनोमीटर वर सरकली की प्रवाह साधारण दहा पटींनी घटतो.

या हळवेपणातच सगळी करामत आहे. सुईचं टोक अगदी परिपूर्ण नसलं तरी चालतं. टोकावरचा जो एक अणू सगळ्यात पुढे आलेला असेल, त्याच्यातूनच जवळजवळ सगळा प्रवाह जातो. बाकीचे मागे राहतात ते हिशेबात येत नाहीत. मग ही सुई पृष्ठभागावरून शेतात नांगर चालवावा तशी ओळीओळीने फिरवायची, प्रवाह कायम राहावा म्हणून ती किती वर-खाली करावी लागली ते नोंदवायचं, आणि त्या आकड्यांचा नकाशा काढायचा. ‘स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप’, थोडक्यात एसटीएम, तो हाच. पहिल्या यंत्रात थरथर टाळण्यासाठी त्यांनी अख्खं यंत्र अतिवाहक शिशाच्या भांड्यावर चुंबकाने अधांतरी तरंगवलं होतं. सिलिकॉनच्या पृष्ठभागावरची अणूंची नक्षी त्यांनी काढून दाखवली आणि १९८६ मध्ये नोबेल मिळवलं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे छायाचित्र नव्हे. मासिकांत छापलेल्या त्या सोनेरी-निळ्या डोंगररांगांचे रंग कोणीतरी बसून निवडलेले असतात. आणि उंचवटा म्हणजे अणूच असंही नाही. सुईला कळतं ते एवढंच, की या जागी, या विद्युतदाबाला, इलेक्ट्रॉन किती सहज ये-जा करतात. विद्युतदाब उलटा केला की कधीकधी तीच जागा उजळ होती ती काळी दिसते. अणू जिथल्या तिथेच असतो, आपण त्याला विचारलेला प्रश्न बदललेला असतो.

शिवाय हे सगळं उघड्या हवेत करून भागत नाही. हवेचे रेणू पृष्ठभागावरच्या प्रत्येक अणूवर सेकंदाला कोट्यवधी वेळा आदळतात. साधी निर्वात पोकळी केली, हवेचा दाब एक अब्जांशावर आणला, तरी एका सेकंदात पृष्ठभागावर रेणूंचा एक अख्खा थर चढू शकतो. म्हणून दाब त्याच्याही दहा हजार पट खाली न्यावा लागतो, तेव्हा कुठे दोनतीन तास पृष्ठभाग स्वच्छ मिळतो. स्टीलच्या जाड भांड्यांचा, नळ्यांचा, दिवसेंदिवस तापवत ठेवलेल्या पंपांचा तो पसारा. चित्र बघणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

तर कड. डेन्मार्कमधल्या ओरहुस विद्यापीठाच्या गटाने २००० साली सोन्याच्या सपाट पृष्ठभागावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे एकेरी जाडीचे कण वाढवले आणि एसटीएमखाली धरले. दिसले ते दोनतीन नॅनोमीटरचे नीटस त्रिकोण. आणि प्रत्येक त्रिकोणाला, साडीला जरीचा काठ असावा तशी, कडेला लागून एक उजळ पट्टी. त्या पट्टीतल्या इलेक्ट्रॉनांची वागणूक आतल्या भागासारखी नव्हती, धातूतल्यासारखी होती. कोबाल्ट मिसळलं की त्रिकोणाचे कोपरे कापले जाऊन षट्कोनाकडे झुकणारा आकार होतो, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे रिफायनरीवाले कित्येक वर्षं कोबाल्ट घालत होते ते नेमकं जाऊन बसतं कुठे, याचं उत्तर मिळालं: कडेवर. टॉप्सो या डॅनिश उत्प्रेरक कंपनीने पुढे ‘ब्रिम’, म्हणजे काठ, हेच नाव आपल्या मालाला दिलं.

पण उजळ दिसणं वेगळं आणि काम करणं वेगळं. ते सिद्ध करणारा प्रयोग २००७ चा, डेन्मार्कच्याच तंत्रविद्यापीठातल्या गटाचा, आणि मला तो फार आवडतो, कारण त्यात शाळकरी मुलालाही पटेल असं साधेपण आहे. गंधक काढण्याऐवजी त्यांनी पाण्यातून हायड्रोजन सोडवण्याची प्रक्रिया घेतली. प्लॅटिनम हे काम उत्तम करतं, पण प्लॅटिनमची किंमत सांगायला नको. त्यांनी सोन्यावर हे त्रिकोण वाढवले, काही नमुने ४०० अंशांना तापवले, काही ५५० ला. जास्त तापवलेले कण मोठे होतात. एकाच पोळीचे चार तुकडे केले तर क्षेत्रफळ तेवढंच राहतं, कड मात्र वाढते. इथे तेच उलट्या दिशेने. मग एसटीएमच्या चित्रांवरून प्रत्येक नमुन्यातली एकूण कड किती लांब हे मोजलं, तोच नमुना विद्युत-रासायनिक पात्रात ठेवला आणि हायड्रोजन किती वेगाने सुटतो ते पाहिलं. वेग क्षेत्रफळाच्या मागे गेला नाही, कडेच्या लांबीच्या मागे सरळ रेषेत गेला. प्रश्न मिटला. ग्रीसमध्ये पोळीचा सपाट मधला भाग कामाला येतो, रिफायनरीत तिचा काठ.

इथे गोष्ट संपली असती. पण कड म्हणजे पोळीचा अगदी थोडा भाग. मोठ्या पोळीत तर नगण्यच. मग लोकांचं लक्ष मधल्या विस्तीर्ण माळरानाकडे गेलं: तिथे भोकं पाडली तर? एखादा गंधक काढून टाकला तर खालचे तीन मॉलिब्डेनम उघडे पडतील, म्हणजे मैदानाच्या मध्यभागी इवलीशी कडच तयार होईल. आणि अशी भोकं आपोआप असतातच, असं दिसत होतं.

ते दाखवलं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने. हे यंत्र वेगळ्या घराण्यातलं. यात इलेक्ट्रॉनांची अतिशय बारीक शलाका पापुद्र्याच्या आरपार जाते, आणि अणूचं केंद्रक जितकं जड तितके जास्त इलेक्ट्रॉन ते बाजूला फेकतं. म्हणून जड अणू उजळ, हलका अणू मंद. मॉलिब्डेनमचा अणुक्रमांक ४२, गंधकाचा १६. वरून पाहिलं तर दोन गंधक एकाखाली एक येतात. त्यातला एक नसेल तर तेवढा ठिपका फिका पडतो. असे फिके ठिपके भरपूर सापडले, काही नमुन्यांत शंभर जागांमागे एखादा. मग काय, ‘गंधकाची रिक्त जागा’ हा परवलीचा शब्द झाला. या पदार्थाचे ट्रान्झिस्टर अपेक्षेपेक्षा मंद का? रिक्त जागा. पापुद्र्यात न मागता जास्तीचे इलेक्ट्रॉन का? रिक्त जागा. उत्प्रेरक चांगला का? पुन्हा तेच.

खोट दोन ठिकाणी होती. एक म्हणजे शलाकेतला वेगवान इलेक्ट्रॉन स्वतःच गंधकाला धक्का मारून उडवू शकतो. म्हणून ही यंत्रं मुद्दाम ६० किंवा ८० हजार व्होल्टवर, म्हणजे त्यांच्या मानाने दबक्या आवाजात चालवतात. तरीही काही भोकं पाहणाऱ्यानेच पाडलेली असू शकतात. दुसरी खोट जास्त चोरटी. ऑक्सिजनचा अणुक्रमांक फक्त ८. फिक्या ठिपक्याच्या जागी गंधकाऐवजी ऑक्सिजन बसला असेल, तर त्याचा उजेड इतका क्षीण की जागा जवळपास रिकामीच वाटते.

नाट्यगृहात मागच्या रांगेतून पुढे पाहा. डोक्यांच्या ओळीत एक खळगा दिसतो. खुर्ची रिकामी आहे की तिथे पाचसहा वर्षांचं पोर बसलंय? मागून सांगता येत नाही. ऑक्सिजन आवर्तसारणीत गंधकाच्या बरोबर वर आहे, एकाच घराण्यातला, बांधायला तेवढेच हात, पण चणीने लहान. मॉलिब्डेनमशी त्याचा बंध आखूड, त्यामुळे तो गंधकापेक्षा खाली, खुर्चीत रुतून बसतो.

बर्कली इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या गटाने २०१९ मध्ये हा पेच सोडवला. त्यांनी याच कुटुंबातली दोन भावंडं घेतली, मॉलिब्डेनम डायसेलेनाइड (गंधकाच्या जागी सेलेनियम) आणि टंगस्टन डायसल्फाइड (मॉलिब्डेनमच्या जागी टंगस्टन). आणि दोन वेगवेगळी यंत्रं एकाच जागेवर लावली.

पहिलं यंत्र अणुबल मायक्रोस्कोप. यात प्रवाह मोजायचा नाही, सुईला जाणवणारी ओढ आणि रेटा मोजायचा. सुई बसवलेली असते क्वार्ट्झच्या एका नादकाट्यावर (ट्यूनिंग फोर्कवर), जो मुळात मनगटी घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणाऱ्या काट्याचा भाऊ आहे. फ्रान्झ गीसिबल या जर्मन शास्त्रज्ञाने घड्याळातला हा काटा अणू चाचपायला जुंपला, आणि माझ्या मते ही या क्षेत्रातली सगळ्यात कंजूष आणि सगळ्यात सुंदर युक्ती आहे. अणूचं बल लागलं की थरथरीचा वेग किंचित बदलतो, तो मोजायचा. त्याहून नाजूक युक्ती २००९ ची, पुन्हा आयबीएम झुरिकची: सुईच्या टोकाला कार्बन मोनॉक्साइडचा एकच रेणू चिकटवायचा, ऑक्सिजनचं तोंड खाली करून. हा रेणू कशात गुंतत नाही, त्यामुळे सुई खूप जवळ नेता येते, आणि अणू एकमेकांना ढकलायला लागतात त्या अंतरावर चित्र लख्ख होतं. अर्थात हे सगळं द्रवरूप हेलियमच्या थंडीत, उणे २६८ अंशांच्या आसपास. नाहीतर तो रेणू टोकावर टिकणार नाही.

या सुईलाही त्या जागी खळगा लागला. अणू खाली आहे किंवा नाहीच आहे. इथवर कोडं तसंच.

मग एसटीएम. सुई त्या एका जागेवर स्थिर ठेवायची आणि विद्युतदाब हळूहळू बदलत प्रवाह पाहायचा. हे पदार्थ अर्धवाहक आहेत. ऊर्जेचा दोनअडीच इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक पट्टा असा असतो, की तिथे इलेक्ट्रॉनला उभं राहायला जागाच नाही, प्रवाह शून्य. पण गंधक खरंच निघून गेला असेल तर उघड्या पडलेल्या तीन धातूअणूंचे लोंबते हात या निषिद्ध पट्ट्यात नव्या जागा तयार करतात. त्या प्रवाहात ठळक दिसायला हव्यात. नाट्यगृहाची खुर्ची आठवा: माणूस उठला की बैठक आपोआप वर मुडपते. खुर्ची रिकामी असेल तर बैठक उभी दिसली पाहिजे.

बैठक उभी नव्हती. पट्टा निखळ मोकळा. कोणीतरी बसलेलं होतं, आणि ते असं होतं की गंधकाचे सगळे हात त्याने जसेच्या तसे धरले होते. गणिताने ऑक्सिजनकडे बोट दाखवलं, आणि दोन्ही यंत्रांच्या नोंदी त्याच्याशी जुळल्या. इतकी वर्षं ज्या खळग्यांना लोक सरसकट रिक्त जागा म्हणत होते, त्यातले निदान या नमुन्यांतले नेहमीचे खळगे रिक्त नव्हतेच.

मग खरीखुरी रिक्त जागा दिसते तरी कशी? त्याच मंडळींनी टंगस्टन डायसल्फाइडचा पापुद्रा निर्वातात सुमारे ६०० अंशांना तापवला. काही गंधक उडून गेले, आणि ऑक्सिजन भरायला आसपास हवा नव्हती. आता त्या जागांवर सुई नेली तर निषिद्ध पट्ट्याच्या पोटात दोन ठळक शिखरं उभी, एकमेकांपासून पाव इलेक्ट्रॉनव्होल्ट अंतरावर. उभी बैठक ती ही. तुलनेला दोन्ही प्रकार हाताशी आल्यावर वादाला फार जागा उरली नाही.

ऑक्सिजन आला कुठून? बुडापेस्टच्या गटाने २०१८ मध्येच याचं एक उत्तर दिलं होतं, तेही फारसा खटाटोप न करता. त्यांनी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे सोललेले पापुद्रे महिनोन्‌महिने साध्या हवेत पडू दिले आणि अधूनमधून एसटीएमखाली पाहिले. सपाट माळरानावर, जिथे काही घडत नाही असं आपण मघाशी म्हटलं, तिथे ऑक्सिजन एकेक करून गंधकाच्या खुर्च्या बळकावत होता. गंजण्यासारखंच, पण इतकं संथ आणि इतकं सुटं सुटं, की पोळीची वीण उसवत नाही. आणि हे ऑक्सिजन बसलेले ठिपके पाण्यातून हायड्रोजन सोडवायला मदत करतात, असंही त्यांना आढळलं. म्हणजे भोकांच्या खात्यावर जमा केलेलं काही पुण्य कदाचित या बुटक्या पाहुण्याचं असावं.

कडेबद्दलची बाजू मला भक्कम वाटते, मधल्या भागाबद्दलची अजून नाही. गरम निर्वातात केलेलं भोक आणि आम्लात बुडवलेल्या पापुद्र्यातलं भोक एकच असेल असं धरून चालणारे लेख आजही वाचायला मिळतात, आणि तिथे मी थबकतो. ते भोक हवा लागल्यावर किती वेळ भोक राहतं, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आणि एक अडचण सगळ्यांचीच आहे. उणे २६८ अंशांतला, निर्वातातला पापुद्रा आणि माहुलच्या रिॲक्टरमधला, चारशे अंशांत दाबलेल्या हायड्रोजनने वेढलेला कण यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने हे अंतर थोडं कमी केलं. त्यांनी एसटीएमच्या सुईभोवतीच एक इवलंसं रिॲक्टर बांधलं, आणि २०१९ मध्ये सोन्यावरच्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडची कड साध्या हवेइतक्या दाबाच्या वायूत, दोनशे अंशांपुढे तापवून, प्रक्रिया चालू असताना पाहिली. वायूत हायड्रोजन होता आणि एक साधा गंधकयुक्त रेणू, मिथेनथायॉल. कड निर्वातात दिसते तशी नव्हती. तिच्यावर गंधक, हायड्रोजन आणि तो रेणू यांची सरमिसळ बसलेली होती, आणि वायू बदलला की बसणारेही बदलत होते. चित्रं अर्थातच थंडीतल्यांइतकी रेखीव नाहीत. सुई तापमानाने सरकते, वायू हेलकावतो, आणि कोणता उंचवटा कोणाचा हे ठरवायला पुन्हा गणिताकडेच जावं लागतं.